विश्लेषण : झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक रक्तात नेमकं काय करतो? 'सीबीसी नॉर्मल' म्हणजे सगळं ठीक असं का नाही?

"रक्त तर नॉर्मल आहे. मग गोळीचा काय दोष?"

रिसोड तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याचा सीबीसी रिपोर्ट मोबाइलवर आला, तेव्हा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेला हा पहिला मेसेज. आत्या ६८ वर्षांची. सहा वर्षांपूर्वी घरात एक मृत्यू झाला आणि तिची झोप उडाली. डॉक्टरांनी अल्प्राझोलामची ०.५ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली, पंधरा दिवसांसाठी. ते पंधरा दिवस सहा वर्षं चालले. चिठ्ठी तीच, घडीवर फाटलेली. आधी अर्धी गोळी, मग एक, मग दीड. कुणी टोकलं की तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "गोयी घेतल्याबिगर डोया लागत नाही रे बाप्पा."

गेल्या पावसाळ्यात ती रात्री बाथरूमला जाताना पडली. मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती झोपेतच बोलत होती. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ठीक, पांढऱ्या पेशी ठीक, प्लेटलेट्स ठीक. घरच्यांनी निःश्वास सोडला आणि गोळीला क्लीन चिट देऊन टाकली.

मात्र ही क्लीन चिट चुकीची होती. झोपेच्या गोळीचा रक्ताशी संबंध तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर येतो आणि सीबीसी त्यातल्या एकाच पातळीबद्दल बोलते. हे तीन प्रकार काय आहेत, ते समजून घेऊ.

आधी एक खुलासा : बातमीतलं मालेगाव आपलं नव्हे

'मालेगावात कुत्ता गोळीचा साठा जप्त' अशी बातमी मोबाइलवर आली की वाशीम जिल्ह्यात हमखास गोंधळ उडतो. कारण आपल्या सहा तालुक्यांत एक मालेगाव आहेच. या बातम्या असतात त्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावच्या. तिथे नशेसाठी विकली जाणारी 'कुत्ता गोळी' म्हणजे बहुतेक वेळा अल्प्राझोलाम. पोलिसांनी तिथे या गोळ्यांचे साठे अनेकदा पकडले आहेत.

म्हणजे गल्लीत लपूनछपून विकली जाणारी 'कुत्ता गोळी' आणि आत्याच्या उशाशी असलेली पट्टी यांतलं औषध एकच. एकीला आपण नशा म्हणतो, दुसरीला 'झोपेची गोळी'. रक्ताला हा फरक कळत नाही. त्याला फक्त मात्रा कळते.

पातळी पहिली : रक्तात साठत जाणारं औषध

गोळी पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात जाते. अल्प्राझोलामची रक्तातली पातळी साधारण एक ते दोन तासांत सर्वाधिक होते. रक्तात गेल्यावर औषधाचा बराच भाग अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरतो. अल्प्राझोलामचा सुमारे ८० टक्के, तर डायझेपामचा सुमारे ९८ टक्के भाग असा बांधलेला असतो. मेंदूवर काम करतो तो उरलेला मोकळा भाग.

इथेच पहिली मेख आहे. यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात, कुपोषणात रक्तातलं अल्ब्युमिन कमी होतं. समजा डायझेपामचा बांधलेला भाग ९८ टक्क्यांवरून ९६ वर आला. ऐकायला फरक दोनच टक्क्यांचा. पण मोकळा भाग दोनाचा चार झाला, म्हणजे दुप्पट. म्हणून अशा रुग्णांना डॉक्टर मात्रा जपून देतात. शेजाऱ्याला सोसणारी गोळी तुम्हालाही सोसेलच, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

दुसरी मेख वेळेची. रक्तातली औषधाची पातळी निम्म्यावर यायला जो वेळ लागतो, त्याला अर्धायुकाल म्हणतात. झोपेसाठी वापरल्या जाणाऱ्या झोल्पिडेमचा अर्धायुकाल सुमारे अडीच तास. अल्प्राझोलामचा निरोगी प्रौढांमध्ये सरासरी ११ तास, तर वृद्धांमध्ये सरासरी १६ तास. क्लोनाझेपामचा ३० ते ४० तास. डायझेपामचा ४८ तासांपर्यंत आणि डायझेपामपासून शरीरात तयार होणाऱ्या दुसऱ्या गुंगी आणणाऱ्या घटकाचा तर १०० तासांपर्यंत.

टाकीचं गणित

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्ही टाकीची गणितं सोडवायचो. वरून पाणी येतंय, खालून गळतंय, तर टाकी किती भरेल? इथेही तेच गणित लागू पडतं.

समजा एखाद्या औषधाचा अर्धायुकाल ४८ तास आहे आणि रोज रात्री १० भाग औषध घेतलं. पहिल्या रात्री शरीरात १० भाग. २४ तासांनी त्यातले सुमारे ७ शिल्लक असतात, त्यावर नवे १०. दुसऱ्या रात्री झाले १७. तिसऱ्या रात्री २२. दहाव्या रात्री ३३. त्यानंतर आकडा ३४ च्या आसपास थांबतो, कारण आता रोज जितकं येतं तितकंच बाहेर जातं.

गोळी रोज एकच, मात्रा तीच. पण शरीरातला साठा पहिल्या रात्रीच्या जवळपास साडेतीनपट. हे गणित ठरवून दिलेल्या मात्रेचं झालं. मनानेच अर्धी गोळी वाढवली की टाकीची पातळी त्याच पटीत वर जाते. दिवसा येणारी सुस्ती, विसराळूपणा, चालताना जाणारा तोल, गाडी चालवताना लागणारी डुलकी ही त्या साठ्याची लक्षणं आहेत. वयामुळे होत असेल म्हणून आपण ती सोडून देतो.

अल्प्राझोलामचं गणित थोडं सौम्य आहे. ११ तास धरले तर २४ तासांनी सुमारे २२ टक्के औषध उरतं. आत्यासारख्या वृद्ध व्यक्तीत १६ तास धरले तर सुमारे ३५ टक्के. म्हणजे आज रात्रीची गोळी घेताना कालच्या गोळीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग अजून रक्तात फिरतोय.

नायट्याची कॅप्सूल आणि झोपेची गोळी

आत्या त्याच रात्री का पडली, हे आम्हाला अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाले, "घरात चालू असलेली सगळी औषधं टेबलावर ठेवा."

बीपीची गोळी, कॅल्शियम, झोपेची गोळी आणि एक कॅप्सूल. पावसाळ्यात आत्याला नायटा झाला होता. आठ दिवसांपासून ती इट्राकोनाझोल घेत होती. नायट्यासाठी हे औषध आपल्याकडे सर्रास दिलं जातं. त्वचेच्या डॉक्टरांना झोपेच्या गोळीबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. आत्याच्या मते ते 'औषध' नव्हतंच, रोजच्या चहासारखं झालं होतं.

अल्प्राझोलामचं विघटन यकृतातलं एक एन्झाइम करतं. इट्राकोनाझोल तेच एन्झाइम अडवतं. परिणामी गोळी न वाढवताही अल्प्राझोलामचा रक्तातला एकूण प्रभाव अडीच पटींहून जास्त होऊ शकतो. म्हणूनच ही दोन औषधं एकत्र देऊ नयेत, अशी स्पष्ट सूचना आहे. टाकीच्या भाषेत सांगायचं तर वरचा नळ तोच होता, खालची तोटी कुणीतरी आवळली होती.

क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्सही हीच तोटी आवळतात. यकृत दारूने खराब झालेलं असेल, तर ती आधीच आवळलेली असते.

पातळी दुसरी : श्वास मंदावला की रक्तच बदलतं

आता धोक्याचा भाग. झोपेचं औषध मेंदूला शांत करतं. पण श्वासाचा वेग ठरवणारं केंद्रही मेंदूतच असतं. औषध जास्त झालं की श्वास उथळ आणि संथ होतो. फुप्फुसातून कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही, ऑक्सिजन पुरेसा आत येत नाही.

याचा हिशेब धमनीतल्या रक्तात दिसतो. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर. कार्बन डायऑक्साइड साचला की तो पाण्यात मिसळून आम्ल तयार होतं आणि पीएच खाली येतो. रक्त आम्लधर्मी झालं की हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, रक्तदाब कोसळू शकतो. कार्बन डायऑक्साइड स्वतःच गुंगी वाढवतो, गुंगीमुळे श्वास आणखी मंदावतो. असं हे चक्र फिरत राहतं.

अल्प्राझोलाम, डायझेपाम या गटातली औषधं एकटी असताना श्वास पूर्ण थांबण्याचा धोका तुलनेने कमी असतो. खरा घात होतो तो जोडीने. गोळी आणि दारू. गोळी आणि कोडीनचं खोकल्याचं औषध. गोळी आणि ट्रामाडॉलसारखी तीव्र वेदनाशामकं. अफूच्या गटातली औषधं आणि ही औषधं एकत्र घेण्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ मध्ये सर्वांत कडक, चौकटीतला इशारा लागू केला. २०२० मध्ये या गटातल्या औषधांवर व्यसन आणि अवलंबित्वाचाही इशारा आला.

विदर्भात हा धोका वेगळा का?

दोन कारणं आहेत. पहिलं, ॲनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहणारी गाडी. गाड्याच कमी असतील आणि श्वास मंदावून मालही कमी येऊ लागला, तर मेंदू आणि हृदयापर्यंत पोहोचणार काय?

दुसरं, सिकलसेल. विदर्भात हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तात ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. असह्य वेदनांचा झटका येतो. अशा रुग्णाने वेदनेपायी झोप येत नाही म्हणून मनानेच गुंगीची गोळी, त्यातही वेदनाशामकासोबत घेणं म्हणजे आगीत तेल ओतणं. सिकलसेलचं कार्ड असेल तर कोणतीही झोपेची गोळी लिहून घेण्याआधी ते डॉक्टरांना दाखवाच.

पातळी तिसरी : रक्तपेशींवर थेट परिणाम

'गोळ्यांनी रक्त खराब होतं' असं गावात म्हणतात. ते पूर्ण खरं नाही, पूर्ण खोटंही नाही. 'झोपेची गोळी' किंवा 'डोक्याची गोळी' या एकाच नावाखाली आपण पाच-सहा वेगळ्या गटांतली औषधं कोंबतो. प्रत्येकाचं वागणं वेगळं आहे.

• अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम : रक्तपेशी कमी होणं अत्यंत दुर्मीळ. म्हणूनच सहा वर्षं गोळी घेऊनही आत्याची सीबीसी नॉर्मल आली.

• फेनोबार्बिटोन : झटक्यांसाठी आजही वापरलं जाणारं जुनं औषध. दीर्घकाळ घेतल्यास शरीरातलं फोलेट कमी होऊ शकतं. मग लाल पेशी आकाराने मोठ्या पण संख्येने कमी होतात आणि ॲनिमिया होतो. सीबीसीत एमसीव्ही हा आकडा १०० च्या वर गेला तर डॉक्टर या शक्यतेचा विचार करतात.

• याच बार्बिट्युरेट गटाचा आणखी एक धोका : पोर्फिरिया नावाचा दुर्मीळ आनुवंशिक आजार असलेल्यांना या औषधांनी तीव्र झटका येऊ शकतो. हिमोग्लोबिनमधला 'हीम' हा घटक तयार करणारी साखळीच त्यांच्यात बिघडलेली असते.

• क्लोझापीन, क्लोरप्रोमाझिन : ही मानसिक आजारावरची औषधं, पण गुंगी येते म्हणून घरोघरी 'झोपेची गोळी' म्हणूनच ओळखली जातात. क्वचित प्रसंगी यांनी पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. म्हणून क्लोझापीन सुरू केल्यावर सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासायला सांगतात. गोळी चालू असताना ताप आणि घसादुखी आली तर क्रोसिन घेऊन थांबू नका, त्याच दिवशी सीबीसी करा.

• व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन : फिट्स आणि मूडच्या आजारांवरची औषधं. पहिल्याने प्लेटलेट्स कमी होऊ शकतात, दुसऱ्याने सोडियम आणि क्वचित सर्व रक्तपेशी.

याचा अर्थ ही औषधं वाईट आहेत असा नाही. क्लोझापीन आणि व्हॅल्प्रोएटने कित्येक घरं सावरली आहेत. अट एकच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरलेल्या तपासण्यांसह.

कोणती तपासणी काय सांगते?

सीबीसी पेशी मोजते. औषध किती आहे हे ती सांगत नाही. गुंगी, बेशुद्धी असेल तर रुग्णालयात धमनीतलं रक्त घेऊन एबीजी तपासणी करतात. पीएच, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड त्यात कळतो. औषध दीर्घकाळ चालू असेल तर यकृताची तपासणी, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि सोडियम पाहणं उपयोगाचं ठरतं. लघवीच्या झटपट चाचणीत या गटातली औषधं सापडतात, पण क्लोनाझेपाम त्यात अनेकदा निसटतं. तेव्हा 'टेस्ट निगेटिव्ह' हाही अंतिम निकाल नाही.

मग उद्यापासून गोळी बंद? थांबा!

ही बातमी वाचून आईच्या किंवा आजीच्या गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकणार असाल, तर आधी तेलंगणात काय घडलं ते वाचा.

तेलंगणात ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि क्लोरल हायड्रेट मिसळण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालत आला आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारने भेसळीविरुद्ध धडक कारवाई केली. भेसळीची ताडी अचानक मिळेनाशी झाली आणि आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबादसह अनेक ठिकाणच्या रुग्णालयांत रांगा लागल्या. थरथर, भास, असंबद्ध बडबड, फिट्स. अनेकांना माहीतच नव्हतं की आपण इतकी वर्षं ताडीतून गोळ्या पीत होतो. विष मिळालं म्हणून ते आजारी पडले नव्हते, ते अचानक बंद झालं म्हणून पडले होते.

यातल्या क्लोरल हायड्रेटची गोष्ट तर थेट रक्ताशीच जोडलेली आहे. १८६९ मध्ये जर्मनीच्या ऑस्कर लीब्राइख यांनी ते झोपेसाठी वापरात आणलं. रक्त किंचित अल्कधर्मी असतं, त्यामुळे हे औषध रक्तात जाऊन क्लोरोफॉर्म बनेल, असा त्यांचा तर्क होता. तर्क चुकीचा निघाला, झोप मात्र लागली. कारण न समजताही गुंगी आणता येते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

म्हणून नियम पक्का : महिनोन्‌महिने चालू असलेली गोळी एका दिवसात बंद करायची नाही. डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवतात. सुरुवातीला साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा ५ ते १० टक्क्यांनी कमी करणं सुरक्षित मानलं जातं. रुग्णानुसार हा वेग बदलतो.

कायदा काय सांगतो?

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं 'शेड्यूल एच-१' मध्ये येतात. हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. दुकानदाराने डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ती नोंद तीन वर्षं जपायची असते. पट्टीवर लाल चौकटीत सूचना असते. उद्या घरातली पट्टी उलटून बघा.

सहा वर्षं जुन्या चिठ्ठीवर आत्याला गोळी मिळत राहिली, यात दुकानदाराची चूक होतीच. पण दर महिन्याला ती आणून देणारे आम्हीच होतो. त्यात दोन वेळा मीसुद्धा होतो.

तुम्ही आज काय करू शकता?

१. घरात कोण कोणती गोळी किती दिवसांपासून घेतंय, याची यादी मोबाइलच्या नोट्समध्ये करा. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ती दाखवा, त्वचेच्या आणि दातांच्या डॉक्टरांनाही.

२. गोळी चालू असताना दारू, खोकल्याचं गुंगीचं औषध किंवा तीव्र वेदनाशामक नको.

३. माणूस हलवूनही जागा होत नसेल, घरघर आवाजात संथ श्वास घेत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर १०८ ला फोन करा. त्याला एका कुशीवर वळवा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, कॉफी पाजू नका. पट्टी सोबत न्या.

४. झोप येत नाही, मन लागत नाही, कर्जाची चिंता पोखरतेय, तर 'टेली मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा क्रमांक आहे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून उपचार मिळतात. शेतकरी कुटुंबांसाठी वाशीमसह १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प'ही आहे.

सोयाबीनचा भाव पडला, पाऊस लांबला, मुलाची नोकरी लागेना. आपल्या जिल्ह्यात झोप उडायला कारणं कमी नाहीत. पंधरा दिवस गोळीची मदत घेण्यात काहीच गैर नाही. प्रश्न सोळाव्या दिवशी सुरू होतो.

आत्याचं मनगट जुळलं. नायट्याचं औषध डॉक्टरांनी बदललं. अकरा महिन्यांत ती दीड गोळीवरून अर्ध्या गोळीवर आली आहे. मधले काही आठवडे वाईट गेले. चिडचिड, घाम, रात्रभर जागरण. आता पहाटे चारला जाग येते, म्हणते. मग उठून अंगण झाडते. परवा ग्रुपवर तिचा नवा सीबीसी रिपोर्ट आला. पुन्हा नॉर्मल. या वेळी कुणी 'मग गोळीचा काय दोष' असं लिहिलं नाही. चुलत भावाने एवढंच विचारलं, "आत्या, सध्या किती गोळी चालू आहे?"